बदललेला खुबा निखळू नये म्हणून

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि धुळ्याहून बारडोलीमार्गे सुरतेकडे येणारा रस्ता ज्या ठिकाणी एकमेकांस भेटतात, ते सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे गाव होय. एका अंगास उसाची शेते, दुसऱ्या अंगास कापडाच्या गिरण्या. धुळे, नंदुरबार, जळगाव ह्या जिल्ह्यांतून पोटासाठी निघालेली कितीतरी मराठी कुटुंबे ह्या टापूत येऊन स्थिरावली आहेत. माझ्या मावशीचे घर त्यांपैकीच एक.

गतवर्षी पावसाळ्याच्या तोंडी मावशी मोरीपाशी घसरून पडली आणि तिच्या मांडीच्या हाडाची मान मोडली. तिचे वय ६७. सुरतेतील एका इस्पितळात मोडलेला भाग काढून टाकून तेथे कृत्रिम सांधा बसविण्यात आला. तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली, दोन आठवड्यांत घरच्या घरी हिंडूफिरू लागली, आणि घरात जणू सणाचे वातावरण पसरले. चोविसाव्या दिवशी सकाळी ती एका ठेंगण्या स्टुलावर बसून डाळ निवडीत होती. सूप जरा लांब राहिले होते. ते ओढून घेण्यासाठी ती पुढे वाकली. वाकताना गुडघा आतल्या बाजूस वळला, आणि खुब्यातून ‘कट्’ असा आवाज आला. ती तशीच खाली कलंडली. पाहतात तो पाय आखूड झालेला व आत वळलेला!

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी पाय ओढून सांधा बसविणाऱ्या हाडवैद्याला बोलावून आणण्याची सिद्धता केली होती. त्यांचा हेतू चांगला होता ह्यात शंका नाही. परंतु माझ्या मावसभावाने त्यांना हात जोडले, आईला फळीवर निजविले, पाय आहे त्याच स्थितीत उशांनी टेकून धरला आणि टेम्पोतून इस्पितळ गाठले. वाटेत तिने पाणी मागितले, तेही त्याने दिले नाही. हे निष्ठुरपणाचे वाटेल. पण भूल द्यावयाची तर पोट रिकामे असणे बरे, हे त्यास कोणीतरी पूर्वी सांगितले होते. शस्त्रवैद्यांनी भूल देऊन, कोठेही न कापता, सांधा जागेवर आणला.

त्या दिवशी काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, शस्त्रवैद्यांना जो प्रश्न विचारला तो अशा प्रत्येक कुटुंबाच्या मनात येतो: “साहेब, सांधा नीट बसवलेला नव्हता काय?” डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मेजावरचा प्लास्टिकचा नमुना पुढे ओढला आणि आम्हां तिघांना अर्धा तास समजावून सांगितले. त्यानंतर ह्या विषयावर मी जे वाचले आणि जाणकारांना विचारले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्या घरोघरी म्हातारी माणसे आहेत, ओल्या मोऱ्या आहेत, आणि आपण जमिनीवर बसणारे लोक आहोत.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकास गोळा, आणि कमरेच्या हाडात त्याला सामावून घेणारी खोलगट उखळी. देवाने दिलेल्या सांध्यात हा गोळा चांगला लिंबाएवढा असतो. उखळीच्या काठाभोवती कूर्चेची कडा असते. वरून बळकट वेष्टन असते. आणि त्याभोवती कुल्ल्याचे व मांडीचे स्नायू पहारेकऱ्यांसारखे उभे असतात. कृत्रिम सांधा बसवावयाचा म्हणजे ह्यांतील बऱ्याच गोष्टींना हात लावावा लागतो. वेष्टन उघडावे लागते, काही स्नायू त्यांच्या मुळापासून सोडवावे लागतात, आणि जुन्या गोळ्याच्या जागी पुष्कळदा त्याहून लहान गोळा येतो. म्हणून जखम भरून नवे वेष्टन तयार होईपर्यंत हा सांधा अर्धवट पहाऱ्यात असतो. निखळण्याच्या निम्म्याहून अधिक घटना पहिल्या तीन महिन्यांतच घडतात, त्याचे कारण हेच. झिजलेल्या सांध्याऐवजी नवा सांधा पहिल्यांदाच बसविला असता निखळण्याचे प्रमाण आज साधारणपणे शेकडा १ ते ३ मानतात. मावशीसारखे हाड मोडून सांधा बदलावा लागला, तर ते त्याहून अधिक असते.

आता ‘निखळतो’ म्हणजे नेमके काय होते? पातेल्यात उभी ठेवलेली पळी डोळ्यांपुढे आणा. तिचा दांडा एका बाजूस वाकवीत नेला की तो पातेल्याच्या काठावर टेकतो. त्यापुढेही दाब दिला, तर काठ हा टेकू होतो, दांडा तरफेसारखा काम करतो आणि पळीचे तोंड तळातून वर उचलले जाते. खुब्यात हेच घडते. मांडी पोटाकडे फार वाकली व गुडघा आत वळला की कृत्रिम हाडाची मान वाटीच्या पुढच्या काठावर अडते आणि गोळा मागच्या बाजूने बाहेर पडतो. पुढच्या बाजूने निखळणारे सांधेही असतात; ते पाय मागे ताणून बाहेर वळविला असता निखळतात. सांधा निखळू नये म्हणून शस्त्रवैद्य जे जे करतात त्या सर्वांचे मर्म ह्या पळीत आहे: दांडा काठावर लवकर अडू नये, आणि अडलाच तर तोंड सहज बाहेर येऊ नये.

ह्या विद्येचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक ह्यांनी १८९१ साली हस्तिदंती सांधा बसवून पाहिला. लंडनमध्ये फिलिप वाइल्स ह्यांनी १९३८ साली पोलादाचे गोळा व वाटी वापरली. परंतु ज्यांच्यामुळे ही शस्त्रक्रिया जगभर गेली ते इंग्लंडमधील राइटिंग्टन इस्पितळाचे जॉन चार्नली. त्यांनी प्रथम वाटीसाठी टेफ्लॉन हा गुळगुळीत पदार्थ निवडला. शेकडो रुग्ण आनंदाने चालू लागले. आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून त्यांच्या चुऱ्याने सांध्याभोवती सूज व गाठी झाल्या. चार्नली ह्यांनी त्या चुऱ्याचा परिणाम पाहण्यासाठी टेफ्लॉनचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेतले! आपल्याच हातांनी बसविलेले सांधे आपल्याच हातांनी काढताना त्या माणसास काय वाटले असेल, ह्याची कल्पना करावी. पुढे १९६२ साली एक विक्रेता पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन आला. चार्नली ह्यांना तो पसंत पडला नाही. पण त्यांचे सहायक हॅरी क्रेव्हन ह्यांनी साहेब परगावी असताना तो झिजविण्याच्या यंत्रावर चढवून ठेवला. कित्येक दिवस यंत्र फिरले तरी तो फारसा झिजला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॉलिथिलीनची पहिली वाटी मनुष्याच्या खुब्यात बसली.

चार्नली ह्यांचा गोळा फार लहान, अवघा २२ मिलिमीटरांच्या आसपास. लहान गोळ्याने घर्षण कमी होते आणि प्लास्टिकची वाटी जाड ठेवता येते, हा त्यांचा हिशेब. परंतु लहान गोळा बाहेर पडण्यासही थोडेच अंतर कापावे लागते. म्हणून ते मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा स्नायूंसकट कापून बाजूस घेत आणि शेवटी तो तारेने घट्ट बांधून स्नायूंचा ताण राखीत. स्नायू सैल राहिले तर गोळा निसटतो, हे त्यांनी ओळखले होते. आजही सांधा बसविताना शस्त्रवैद्य प्रथम तात्पुरते भाग घालून पाय ओढून, वाकवून, वळवून पाहतात. सैल वाटल्यास मान थोडी लांब घेतात किंवा मांडीचे हाड किंचित बाहेर सरकविणारा दांडा निवडतात. मान फार लांब घेतली तर पाय लांब होतो आणि माणूस लंगडतो. काही रुग्ण तक्रार करतात की नवा पाय अर्धा अंगुळ लांब झाला. त्यांपैकी काहींच्या बाबतीत सांधा घट्ट राहावा म्हणून दिलेली ती किंमत असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगावयास हवे असे मला वाटते.

इंग्लंडात हे चालू असता आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशात मंडाले येथे सान बॉ नावाच्या शस्त्रवैद्यांनी १९६० साली एका वृद्ध बौद्ध भिक्षुणीच्या मोडलेल्या खुब्यात हस्तिदंताचा गोळा बसविला. पुढे त्यांनी असे तीनशेहून अधिक सांधे बसविले व १९६९ साली लंडनमधील शस्त्रवैद्यांपुढे आपला अनुभव मांडला. त्यांचे बहुतेक रुग्ण चालू शकत, उकिडवे बसू शकत, सायकलही चालवीत. युरोपातील खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला उकिडवे बसण्याचे महत्त्व कळणे कठीण. मंडालेच्या डॉक्टरांना ते सांगावे लागले नाही.

असो. शस्त्रवैद्यांनी नमुना हातात धरून सांगितलेली पहिली गोष्ट होती ती वाटेची. खुब्यापर्यंत पोहोचण्यास तीन मुख्य वाटा आहेत: मागून, बाजूने आणि पुढून. मागची वाट सर्वांत रुळलेली. तिच्याने सांधा चांगला दिसतो आणि चालताना कंबर सावरून धरणारे मुख्य स्नायू शाबूत राहतात. पण मांडी बाहेर वळविणारे आखूड स्नायू आणि मागचे वेष्टन मात्र कापावे लागते. म्हणजे ज्या बाजूने गोळा निसटण्याचा संभव, नेमके त्याच बाजूचे दार उघडले जाते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८२ साली १०,५०० शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला, त्यात मागच्या वाटेने निखळण्याचे प्रमाण शेकडा ५.८ आणि पुढच्या-बाजूच्या वाटेने शेकडा २.३ आढळले. ह्यावरून मागची वाट सोडून द्यावी असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

पुढे झाले ते फार साधे आहे, आणि म्हणूनच मला ते विशेष वाटते. पूर्वी कित्येक शस्त्रवैद्य मागचे कापलेले स्नायू तसेच सोडून देत. ते आपोआप चिकटतील अशी समजूत होती. पेलिची व पॉस ह्या दोन अमेरिकन शस्त्रवैद्यांनी ते वेष्टन व ते स्नायू हाडाला भोके पाडून जाड धाग्याने पुन्हा जागच्या जागी शिवण्यास आरंभ केला. १९९८ साली त्यांनी आपले आकडे मांडले. एकाच्या हाती निखळण्याचे प्रमाण शेकडा ४ होते, ते शून्यावर आले. दुसऱ्याच्या हाती शेकडा ६.२ होते, ते ०.८ वर आले. नवे यंत्र नाही, महाग धातू नाही. उघडलेले दार जाताना लावून घेणे, एवढेच. आज मागच्या वाटेने जाणारे बहुतेक शस्त्रवैद्य ही शिवण घालतात. पुढची वाट स्नायूंच्या मधून जाते, मागचे दार ती उघडतच नाही. परंतु ती शिकण्यास अवघड, आणि मांडीच्या हाडात दांडा बसविताना हाड तडकण्याची भीती तिच्यात अधिक. एका जाणकार शस्त्रवैद्यांनी मला सांगितले, “ज्याला जी वाट पाठ आहे, त्याने तिने जावे, अंधारात नव्या वाटेने जाणारा ठेचाळतो.” मला हे पटले.

दुसरी गोष्ट वाटीच्या कोनाची. वाटी फार उभी बसली तर गोळा वरून निसटू पाहतो. फार आडवी बसली तर दांडा काठावर लवकर अडतो. पुढे पुरेशी कललेली नसली तर बसताना गोळा मागे पडतो. लेविनेक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७८ साली एक ‘सुरक्षित टापू’ आखून दिला: वाटीचा कल ३० ते ५० अंश, आणि पुढचा झोक ५ ते २५ अंश. टापूच्या आत निखळण्याचे प्रमाण शेकडा १.५ आणि बाहेर शेकडा ६.१ असे त्यांना आढळले. जगभरच्या शस्त्रवैद्यांनी हे आकडे तोंडपाठ केले.

परंतु वाटी एकटी सांधा करीत नाही. मांडीच्या हाडातील दांड्यालाही स्वतःचा झोक असतो, आणि दोन्ही झोकांची बेरीज योग्य हवी. न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले भारतीय वंशाचे शस्त्रवैद्य चित्तरंजन राणावत ह्यांचे नाव ह्या विचाराशी जोडलेले आहे. वाचकांना ते आठवत असतील. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांच्या गुडघ्यावर २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात शस्त्रक्रिया केली ते हेच. शस्त्रक्रियेच्या मेजावर पाय थोडा वाकवून हळूहळू आत वळवावयाचा, आणि गोळ्याची व वाटीची तोंडे समोरासमोर केव्हा येतात ते पाहावयाचे, अशी त्यांची साधी परीक्षा आहे. तीत कसलेही यंत्र लागत नाही.

तरीही कोडे संपले नव्हते. २०१६ साली मेयो क्लिनिकमधूनच आलेल्या एका पाहणीत निखळलेल्या २०६ सांध्यांपैकी शेकडा ५८ सांध्यांच्या वाट्या त्या ‘सुरक्षित टापू’च्या आतच होत्या! म्हणजे छायाचित्रात सगळे जागच्या जागी, आणि सांधा मात्र बाहेर. काकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मावशीच्या क्ष-किरण चित्रातही वाटी उत्तम बसलेली होती.

मग चूक कोठे होती? डॉक्टरांनी मावशीच्या पाठीवर बोट ठेवले. निरोगी माणूस उभ्याचा बसतो तेव्हा त्याची कंबर मागे कलते, आणि तिच्याबरोबर उखळीचे तोंड पुढे उघडते. वर येणाऱ्या मांडीला जागा मिळते. वयोमानाने मणके ताठ झालेल्या, किंवा मणक्यांत स्क्रू घालून ते जोडलेल्या माणसाची कंबर अशी मागे कलत नाही. मग सगळे वाकणे एकट्या खुब्याला करावे लागते, आणि दांडा काठावर आदळतो. मावशीची पाठ गेली दहा वर्षे लाकडासारखी ताठ आहे, हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण हाड मोडून इस्पितळात नेताना पाठीबद्दल बोलण्याचे कोणास सुचले? आता अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेपूर्वी उभ्याने व बसून अशी दोन चित्रे बाजूने काढतात, आणि पाठ ताठ असल्यास वाटीचा झोक त्याप्रमाणे ठरवितात अथवा अधिक घट्ट सांधा निवडतात. कुटुंबाने आपण होऊन सांगावयाची एखादी गोष्ट असेल तर ती ही: पाठीचा जुना आजार, मणक्यांची पूर्वीची शस्त्रक्रिया, कंपवात, अर्धांगवायू, आणि हो, दारूचे व्यसनसुद्धा. शेवटची गोष्ट सांगताना घरच्या माणसांची जीभ अडखळते. पण तोल गेलेल्या माणसाचा सांधा अधिक निखळतो आणि डॉक्टरांना ते आधी कळले पाहिजे.

राहिली गोष्ट गोळ्याच्या आकाराची. मोठा गोळा दोन प्रकारे उपयोगी पडतो. त्याच्या मानाने मान बारीक ठरते, म्हणून ती काठावर उशिरा अडते. आणि अडली तरी मोठ्या गोळ्याला बाहेर पडण्यासाठी काठावरून अधिक चढावे लागते. ऑस्ट्रेलियातून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर तुलनेत पहिल्यांदाच सांधा बसविलेल्या रुग्णांत २८ मिलिमीटरांचा गोळा वर्षभरात शेकडा ४.४ जणांचा निखळला, तर ३६ मिलिमीटरांचा शेकडा ०.८ जणांचा. अधिक टिकाऊ प्लास्टिक निघाल्यामुळे वाटी थोडी पातळ करून आज ३२ किंवा ३६ मिलिमीटरांचे गोळे सर्रास वापरता येतात.

‘मोठा चांगला, तर आणखी मोठा आणखी चांगला’ असे मात्र नाही, आणि हा धडा आपल्या देशाने फार महाग घेतला. मधल्या काळात प्लास्टिक अजिबात वगळून धातूच्या पातळ वाटीत धातूचाच भला मोठा गोळा बसविण्याची टूम निघाली. सांधा निखळण्याची भीती कमी, तरुण माणसालाही चालेल, अशी तिची ख्याती. डीप्यू ह्या कंपनीचा एएसआर नावाचा सांधा त्यांपैकीच. धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचा सूक्ष्म चुरा सांध्याभोवती आणि रक्तात उतरू लागला. पाच वर्षांत शेकडा १२ ते १३ रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागल्याचे ब्रिटनमधील नोंदवहीत दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत घेतला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली मुंबईत पोलिसांकडे फिर्याद नोंदविली. केंद्र सरकारने २०१७ साली डॉ. अरुणकुमार अगरवाल ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिने बाधित रुग्णांस किमान २० लाख रुपये भरपाई द्यावी अशी शिफारस केली. परंतु सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागला नाही. ह्या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

मोठ्या गोळ्याचा लाभ हवा आणि धातूचा चुरा नको, ह्याची तोड फ्रान्समधील सेंट एतिएन येथील जिल्स बूस्के ह्यांनी १९७० नंतरच्या दशकातच काढलेली होती. लहान गोळा प्लास्टिकच्या मोठ्या गोळ्यात अडकवावयाचा, आणि तो मोठा गोळा धातूच्या गुळगुळीत वाटीत मोकळा फिरू द्यावयाचा. नेहमीच्या हालचाली आतल्या गोळ्याने होतात. दांडा काठाशी आला की बाहेरचा गोळा फिरू लागतो. डब्यात डबी असावी तसा हा प्रकार. ताठ पाठीची, दुबळ्या स्नायूंची, हाड मोडलेली वृद्ध माणसे, किंवा पूर्वी सांधा निखळलेले रुग्ण ह्यांच्यासाठी तो विशेष विचारात घेतात. त्याचेही दोष आहेत. क्वचित आतला गोळा प्लास्टिकमधून सुटतो, आणि मग उघडून दुरुस्ती करण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय त्याची किंमत अधिक. ह्याहून पुढची पायरी म्हणजे गोळा कड्याने वाटीत जखडून टाकणे, ती शेवटची. जखडलेला सांधा सहसा निखळत नाही, पण त्याचा सगळा झटका हाडावर येतो आणि वाटीच उखडू शकते.

खुबा हे केवळ म्हाताऱ्यांचे दुखणे आहे असे मात्र समजू नये. दक्षिण गुजरातेतील आणि नंदुरबार-धुळ्याकडील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात, आणि मांडीच्या गोळ्याला रक्त न मिळून तो विशी-तिशीतच मरतो व ढासळतो. गुजरातेत ह्या रोगाविरुद्धची मोहीम उभी करण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्या यझदी इटालिया ह्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. देशव्यापी मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. कोविडच्या साथीत प्राण वाचविण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडनंतर काही तरुणांचे गोळे असेच मेल्याचे मुंबईच्या हिंदुजा इस्पितळातील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले. अशा तरुणांना नवा सांधा बसवितात तेव्हा पुढची चाळीस वर्षे त्यांना शेतात वाकावयाचे असते, यंत्रापाशी उभे राहावयाचे असते, लेकराला कडेवर घ्यावयाचे असते. त्यांच्यासाठी गोळ्याचा आकार व वाटीचा कोन ह्यांची निवड पोटापाण्याशी निगडित आहे.

घरी आल्यावर काय करावे, हे शस्त्रवैद्य सांगतीलच, आणि मागून शस्त्रक्रिया झाली की पुढून, ह्यावर ते अवलंबून असते. मागील वेष्टन नीट शिवलेले असेल तर हल्ली पुष्कळ ठिकाणी पूर्वीइतकी कडक बंधने घालीत नाहीत. तथापि मागून शस्त्रक्रिया झालेल्याने पहिले तीन महिने गुडघ्याहून खाली असलेल्या आसनावर न बसणे, निजताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवणे आणि कमोड वापरणे हे बहुतेक ठिकाणी आजही सांगतात. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मांडी घालून बसताना गुडघे बाहेर वळतात; उकिडवे बसताना मांडी पोटाला भिडते. मागून शस्त्रक्रिया झालेल्याला दुसरी स्थिती अधिक धोक्याची. म्हणून ‘जमिनीवर बसू नका’ एवढेच ऐकून परतू नये. कोणत्या तऱ्हेने बसावयाचे नाही आणि किती काळ, हे विचारून घ्यावे.

मावशीला मात्र मिस्साची चिंता होती. “गुडघे टेकता येतील का रे?” असे तिने मुलाकडून डॉक्टरांना विचारविले. गुडघ्यांवर ताठ उभे राहण्यात खुबा फारसा वाकत नाही, अडचण खाली जाण्याची व उठण्याची आहे, असे त्यांनी सांगितले. तीन महिन्यांनी त्यांनी परवानगी दिली ती अशी: बाक घट्ट धरावयाचा, शस्त्रक्रियेच्या बाजूचा गुडघा आधी टेकावयाचा, आणि उठताना चांगला पाय पुढे ठेवून उठावयाचे. तोवर तिने बसूनच प्रार्थना केली. आजारी माणसास ख्रिस्तसभेने ती मोकळीक दिलेलीच आहे; परंतु हे मावशीला फादरांकडून ऐकावे लागले, आमच्या सांगण्यावर तिचा विश्वास बसला नाही.

निखळून एकदा जागेवर आलेला सांधा बहुतेकांच्या बाबतीत पुन्हा निखळत नाही. वारंवार निखळू लागला तर मात्र उघडून वाटीचा कोन, गोळ्याचा आकार किंवा सांध्याचा प्रकार बदलावा लागतो, आणि ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून कठीण असते. एकाएकी दुखू लागून पाय आखूड झाला, वळून राहिला, तर तो ओढू नये; मागून जाणारी मोठी शीर दाबली जाऊन पाऊल कायमचे लुळे पडू शकते. त्या दिवशी मावसभावाने हाडवैद्याला परत पाठविले, ह्याबद्दल डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली.

आता ती राहिलेली गोष्ट. प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या खोक्यात लहान चिकटचिठ्ठ्या असतात. तीवर सांध्याचे नाव, आकार व क्रमांक छापलेला असतो. एक चिठ्ठी इस्पितळाच्या कागदांवर लागते, एक रुग्णास मिळावयास हवी. ते ३,६०० रुग्ण सापडले नाहीत, कारण त्यांच्या सांध्यांचा माग लावता येईल अशी नोंद हाती नव्हती. काकांनी इस्पितळात मागणी करून मावशीची चिठ्ठी आणली, आणि मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले ज्या पत्र्याच्या डब्यात असतात त्या डब्यात ठेवली. तीवर ३२ हा आकडा आहे. मावशीला वाचता येत नाही. पण शेजारणी चौकशीला आल्या की ती हाताचा अंगठा व बोट जुळवून त्या गोळ्याचे माप त्यांना दाखविते, आणि त्यांच्याही घरातल्या बदललेल्या खुब्याचा आकडा कोणता, असे विचारते. अद्याप कोणाला सांगता आलेला नाही.